विधिप्रवेश परीक्षा आणि वेळेचे अंदाजपत्रक

पुष्कळ घरांतून अभ्यासाचे वेळापत्रक हा प्रत्यक्ष अभ्यासाच्या आदल्या दिवशी उरकावयाचा एक मंगलविधी असतो. मोठा पांढरा कागद आणला जातो, पट्टीने रेघा मारल्या जातात, तीन रंगांच्या शाईने विषयांची नावे लिहिली जातात आणि पहाटे साडेचारपासून रात्री साडेदहापर्यंतची एकही घटका मोकळी सुटू नये अशा निश्चयाने चौकोन भरले जातात. तो कागद भिंतीवर चिकटला की वडीलधाऱ्यांना समाधान वाटते आणि मुलाला अर्धा अभ्यास झाल्याचा भास होतो. आठ दिवसांनी कागदावरचा दिनक्रम आणि घरातला दिनक्रम यांची फारकत होते. कागद मात्र वर्षभर भिंतीवरच राहतो. आज ज्या वेळापत्रकाविषयी मला बोलावयाचे आहे ते या जातीचे नव्हे. ते एका विशिष्ट परीक्षेसाठी करावयाचे आहे, आणि त्या परीक्षेचे स्वरूपच असे आहे की वेळ कसा वापरावा हाच तिच्यातील न छापलेला प्रश्न म्हणावा लागेल.

बारावीनंतर पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम घेऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींसाठी 'क्लॅट' नावाची सामाईक प्रवेशपरीक्षा असते. कायद्याचे शिक्षण आपल्याला नवे नाही. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ सालचे आहे, पुण्याचे आय. एल. एस. विधी महाविद्यालय १९२४ सालचे. परंतु बंगळूर येथे १९८६ च्या कायद्याने राष्ट्रीय विधी विद्यापीठ स्थापन झाले, डॉ. एन. आर. माधव मेनन यांच्या संचालकत्वाखाली १९८८ मध्ये त्याची पहिली तुकडी सुरू झाली, आणि बारावीतून थेट कायद्याकडे वळण्याची एक नवी वाट प्रतिष्ठित झाली. त्यामागून हैदराबाद, भोपाळ, कोलकाता, जोधपूर, रायपूर आणि गांधीनगर येथे तशीच विद्यापीठे निघाली. प्रत्येकाची प्रवेशपरीक्षा निराळी, तारीख निराळी, शुल्क निराळे. इंदुरातल्या किंवा अमरावतीतल्या मुलाने एका उन्हाळ्यात किती गावे पालथी घालावीत, हा प्रश्नच होता. २००६ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली, नोव्हेंबर २००७ मध्ये या सात विद्यापीठांनी आपसांत करार केला, आणि ११ मे २००८ रोजी पहिली सामाईक परीक्षा झाली. प्रारंभी ही विद्यापीठे पाळीपाळीने परीक्षा घेत; २०१७ मध्ये त्यांचा संघ स्थापन झाला आणि २०१९ पासून तो संघच ती घेत आला आहे. महाराष्ट्रातील मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर या तिन्ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे प्रवेश याच परीक्षेतून होतात. दिल्लीच्या विद्यापीठाची परीक्षा मात्र स्वतंत्र आहे.

पूर्वी या परीक्षेत तुटक प्रश्न विचारले जात. अमुक कलम कोणते, तमुक पारितोषिक कोणाला, असा प्रकार पुष्कळ असे, आणि पाठांतराचा उपयोग होई. २०२० सालापासून ती रीत बदलली. आता प्रत्येक विभागात उतारे देतात आणि उताऱ्याखाली प्रश्न विचारतात. २०२४ च्या प्रवेशासाठी डिसेंबर २०२३ मध्ये जी परीक्षा झाली तेव्हापासून १५० ऐवजी १२० प्रश्न झाले. वेळ पूर्वीचाच, दोन तास. बरोबर उत्तरास एक गुण मिळतो, चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा होतो. चालू घडामोडी आणि सामान्यज्ञान यांवर २८ ते ३२ प्रश्न, विधिविषयक तर्कावर तितकेच, इंग्रजी भाषेवर आणि सर्वसामान्य तर्कावर प्रत्येकी २२ ते २६, आणि दहावीच्या पातळीच्या अंकगणितावर १० ते १४, अशी वाटणी आहे. माध्यम इंग्रजी. उत्तरे वेगळ्या उत्तरपत्रिकेवर पेनाने गोल काळे करून नोंदवावयाची असतात.

वेळापत्रकाचा विचार येथूनच सुरू करावयास हवा. बहुतेक मुले 'मला किती पुस्तके वाचावयाची आहेत' येथून सुरुवात करतात. खरा प्रश्न 'त्या दोन तासांत माझ्याकडून काय घडावयाचे आहे' हा आहे. तो सोडविण्यासाठी थोडा हिशेब करू. १२० गोल नीट भरावयाचे तर प्रत्येकी पाच सेकंद धरले तरी दहा मिनिटे गेली. उरली ११० मिनिटे. उतारे साधारण २२ धरा, आणि लहानमोठे मिळून सरासरी ४०० शब्दांचे धरा. म्हणजे ८,८०० शब्द झाले, आणि यात प्रश्न व पर्याय यांचे शब्द अजून धरलेलेच नाहीत. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशा प्रौढ वाचकांचा मूकवाचनाचा वेग मिनिटाला सरासरी २३८ शब्द असतो, असे २०१९ साली ब्रिसबार्ट या मानसशास्त्रज्ञाने १९० अभ्यासांचे मंथन करून दाखविले. आपला मराठी माध्यमातील विद्यार्थी प्रारंभी मिनिटाला १५० शब्द वाचतो असे मानले, तर उतारे वाचण्यातच ५९ मिनिटे संपतात आणि प्रत्येक प्रश्नाला सुमारे २५ सेकंद उरतात. तोच वेग २२० वर नेला तर वाचनास ४० मिनिटे लागतात आणि प्रश्नाला ३५ सेकंद मिळतात. म्हणजे विषयाचे ज्ञान तिळमात्र न वाढविता केवळ वाचनाच्या सरावाने एकोणीस मिनिटे हाती येतात. बाजारातील कोणत्याही मार्गदर्शिकेत एवढा मोठा लाभ मला आढळलेला नाही.

यास्तव पहिले काम मोजमापाचे. इंग्रजी वर्तमानपत्रातील अग्रलेख घ्यावा, शब्द मोजावेत, घड्याळ लावून वाचावा आणि मिटवून ठेवून त्याचा आशय तीन वाक्यांत लिहावा. आशय लिहिता आला नाही तर तो वेग धरू नये; नजर ओळींवरून फिरणे याला वाचन म्हणत नाहीत. दर पंधरा दिवसांनी हे माप घ्यावे आणि वहीत तारखेसह नोंदवावे.

दुसरे काम जमेची बाजू तपासण्याचे. सरकारी कचेरीत ज्यांचे दिवस गेले त्यांना ठाऊक असते की अंदाजपत्रकात खर्चाची बाजू प्रत्येकाला उत्साहाने मांडता येते. जमेची बाजू मांडताना हात आखडतो. आठवड्याचे तास १६८. त्यांतून झोपेचे ५६ वजा करा. त्यांत काटकसर करू नका; झोप तोडून मिळविलेले तास दुसऱ्या दिवशी व्याजासह परत द्यावे लागतात. महाविद्यालय, शिकवणी आणि जाणेयेणे यांचे ४२, स्नान-जेवण आदी नित्यकर्मांचे २१, घरची कामे, मित्र, खेळ, कोणाकडे जाणेयेणे यांचे १४. बेरीज १३३ झाली, उरले ३५. त्यांतील १८ तास बारावीच्या अभ्यासाला दिलेच पाहिजेत. राहिले १७. कित्येक जण येथे थांबतात आणि सतरा तास वाटून टाकतात. तसे न करता तीन तास बाजूला ठेवावेत, ते कशासाठी हे पुढे सांगतो. हाती आले चौदा, म्हणजे दिवसाला दोन तास. जूनच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेर चोवीस आठवडे होतात. चोवीस चौदे तीनशे छत्तीस. प्रत्येकाचे आकडे वेगळे येतील. ज्याला शेतातून घरी येऊन म्हशीची धार काढावयाची आहे त्याचे चौदाचे दहा होतील, आणि मुंबईच्या लोकलमध्ये रोज दीड तास उभे राहणाऱ्या मुलीला जाण्यायेण्याचा रकाना वाढवावा लागेल. पण आकडा खरा असला म्हणजे तो लहान असला तरी त्याच्यावर इमारत उभी राहते.

जून ते नोव्हेंबर हाच काळ का, तेही सांगितले पाहिजे. पूर्वी ही परीक्षा उन्हाळ्यात, बारावीच्या परीक्षेनंतर होत असे. २०२२ साली ती दोनदा झाली, एकदा जूनमध्ये आणि पुन्हा १८ डिसेंबरला. त्यानंतरच्या परीक्षा ३ डिसेंबर २०२३, १ डिसेंबर २०२४ आणि ७ डिसेंबर २०२५ या रविवारी झाल्या. अर्ज अलीकडे जुलै-ऑगस्टपासून भरता येतात. या बदलाने आपल्या मुलांची जुनी सवय मोडली आहे. 'आधी बोर्ड उरकू, मग दोन महिने जोर लावू' हा मार्ग बंद झाला. उलट क्लॅट संपल्यावर महाराष्ट्र मंडळाच्या बारावीच्या परीक्षेस जेमतेम दोन महिने राहतात. म्हणून दोन्ही अभ्यास एकाच चुलीवर, पण दोन भांड्यांत शिजवावयाचे आहेत. जो मुलगा सहा महिने बोर्डाची पुस्तके बासनात बांधून ठेवतो, तो डिसेंबरात प्रवेशपरीक्षेचा निकाल हाती घेऊन फेब्रुवारीकडे घाबऱ्या नजरेने पाहतो. बारावीत किमान ४५ टक्के गुण, अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के, ही पात्रतेची अट आहेच. आणि प्रवेश न मिळाल्यास पुढचे सारे मार्ग बारावीच्याच गुणांवर उघडतात.

आता चौदा तासांची वाटणी. वर्तमानपत्र आणि त्याची टिपणे यांना रोज अर्धा तास, म्हणजे आठवड्याला साडेतीन. विधिविषयक तर्काला तीन, सर्वसामान्य तर्काला अडीच, इंग्रजी वाचनाला दोन, गणिताला दीड आणि उजळणीला दीड. यांतील पहिल्या दोन शीर्षांविषयी अधिक बोलतो. कारण गैरसमज तेथे फार आहेत.

विधिविषयक तर्क म्हटले की पालक कायद्याची पुस्तके आणतात. परीक्षेला कायद्याचे पूर्वज्ञान लागत नाही. उताऱ्यात तत्त्व दिलेले असते, प्रश्नात हकीकत असते, आणि ते तत्त्व त्या हकीकतीला लावून निष्कर्ष काढावयाचा असतो. उदाहरण घेऊ. अज्ञानाने, म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्तीने, केलेला करार मुळातच शून्य असतो, हे तत्त्व मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली सांगितले. समजा, उताऱ्यात एवढेच तत्त्व दिले आहे. हकीकत अशी की सतरा वर्षांच्या एका मुलाने कोणास न विचारता दुकानदाराशी करार करून उधारीवर मोटारसायकल घेतली आणि आता तो हप्ते देत नाही. करारावरून दुकानदाराला वसुली करता येईल काय? आपल्या घरात वाढलेला सरळ मनाचा मुलगा चटकन म्हणतो, येईल. घेतलेले पैसे बुडविणे हे पाप आहे. त्याचे मन चांगले आहे, पण उत्तर चुकले. करारच शून्य, तर करारावरून मागणी कोठून? येथे अभ्यास करावयाचा आहे तो मनाला थोडा वेळ थोपवून धरण्याचा. रोज एक उतारा घ्यावा, तत्त्व कागदाच्या डाव्या बाजूला आपल्या शब्दांत लिहावे, त्यातील अट कोणती आणि अपवाद कोणता यांवर खूण करावी, मगच हकीकतीकडे जावे. पहिला महिना घड्याळ लावू नये. तत्त्व आणि अपवाद हाताला लागू लागले की वेग आपोआप येतो.

जुन्या मार्गदर्शिकांबाबत मात्र सावध राहावे. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. रद्दीवाल्याकडील पुस्तकातले कलमांचे आकडे घोकणे हा शुद्ध अपव्यय आहे.

वर्तमानपत्राचे शीर्ष सर्वांत दगा देणारे. अर्धा तास ठरविलेला असतो आणि दीड तास जातो, कारण क्रिकेटच्या पानावरून उठवत नाही. येथे पार्किन्सनची आठवण होते. १९५५ साली 'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकात त्याने लिहिले की कामाला जितका वेळ द्यावा तितके ते फुगते. तो ब्रिटिश नोकरशाहीविषयी बोलत होता, आणि आमच्या व्यवसायातील कोणी त्याचे म्हणणे खोडून काढल्याचे माझ्या ऐकिवात नाही. म्हणून अर्ध्या तासाचा गजर लावावा. दिवसाला चारच बातम्या निवडाव्यात: न्यायालयाचा एखादा निर्णय, संसदेतील किंवा शासनाचा एखादा निर्णय, आंतरराष्ट्रीय घटना आणि अर्थविषयक घडामोड. प्रत्येकीच्या पाच ओळी लिहाव्यात: काय झाले, कोणी केले, आधी काय होते, वाद कशाचा, पुढे काय. 'आधी काय होते' ही ओळ सर्वांत मोलाची. प्रश्न बहुधा बातमीच्या पाठीमागच्या इतिहासावर असतो.

मराठी माध्यमातल्या मुलांना माझे सांगणे असे की तीच बातमी प्रथम मराठीत वाचावी आणि मग इंग्रजीत. याने वेळ जातो असे वाटते, पण अर्थ आधी कळलेला असला की इंग्रजी शब्द पाहुण्यासारखा न येता ओळखीच्या माणसासारखा येतो. दोन रकान्यांची एक वही ठेवावी: पिटिशन म्हणजे याचिका, ॲफिडेव्हिट म्हणजे प्रतिज्ञापत्र, इंजंक्शन म्हणजे मनाईहुकूम. आपल्या भाषेत कोर्टकचेरीच्या शब्दांचा तोटा नाही. दावा, फिर्याद, कैफियत, वकीलपत्र, जामीन हे शब्द आपल्या आजोबांना शाळेत न जाता येत होते, आणि ज्या घरात सातबाऱ्यावरून तीस वर्षे भांडण चालले आहे त्या घरच्या मुलाला 'तारीख' या शब्दाचा अर्थ शिकवावा लागत नाही. महाराष्ट्र शासनाची जी स्वतंत्र विधिप्रवेश परीक्षा आहे तिची प्रश्नपत्रिका मराठीतही असते आणि तीत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तीही द्यावी. एकाच अभ्यासावर दोन दरवाजे ठोठावता येत असताना एकच ठोठावण्यात शौर्य नाही.

सर्वसामान्य तर्क आणि गणित यांविषयी फार सांगावयाचे नाही. गणिताचे शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, नफा-तोटा आणि तक्ते वाचणे एवढेच क्षेत्र आहे. विज्ञानशाखेची मुले त्याला तुच्छ मानून सोडतात आणि कलाशाखेची मुले भिऊन सोडतात. दोघांचेही नुकसान सारखेच होते.

उजळणीचे दीड तास मात्र कोणी कापू नयेत. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखविले की पाठ केलेल्याचा मोठा भाग पहिल्या दिवसातच विस्मरणात जातो आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्या दिवशी, दुसरी आठवड्याने, तिसरी महिन्याने अशी असावी. आणि उजळणी म्हणजे पुन्हा वाचणे नव्हे. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन संशोधकांनी २००६ साली विद्यार्थ्यांचे दोन प्रकार तुलनेस घेतले: एकांनी उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्यांनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आपल्या मुलांची फसगत येथेच होते. पुन्हा वाचताना सारे ओळखीचे वाटते, आणि ओळख म्हणजे ज्ञान असा समज होतो. वही मिटावी, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे आणि मग ताडून पाहावे. हे कष्टाचे वाटते. त्याचा उपयोग त्या कष्टातच आहे.

चोवीस आठवड्यांचे तीन भाग पडतात. पहिले आठ आठवडे पायाचे, पुढचे दहा सरावाचे, शेवटचे सहा परीक्षेच्या तालमीचे. तालीम म्हणजे पूर्ण दोन तासांची सराव-परीक्षा. पहिली अगदी आरंभीच द्यावी, गुण कितीही कमी येवोत. नकाशावर आपण कोठे उभे आहोत हे कळल्याशिवाय वाट ठरत नाही. मधल्या काळात पंधरवड्याला एक, शेवटी दर आठवड्याला एक, मिळून बारा पुरेत. बाराच का, असे विचाराल. शेजारच्या मुलाने साठ दिल्या आहेत. प्रत्येक परीक्षेचे दोन तास, आणि तिच्या तपासणीचे तीन. तपासणीविना दिलेली परीक्षा ही केवळ वजनकाट्यावर पुन्हापुन्हा उभे राहण्यासारखी आहे. चुकांची एक नोंदवही असावी आणि प्रत्येक चुकीसमोर कारण लिहावे: उतारा समजला नाही, प्रश्न घाईने वाचला, दोन पर्यायांत चुकीकडे झुकलो, वेळ संपला, गोल भलताच भरला. पाच-सहा परीक्षांनंतर त्या वहीत एखादे कारण वारंवार डोकावू लागते. मग वेळापत्रकात आमच्या कचेरीच्या भाषेत ज्याला पुनर्विनियोजन म्हणतात ते करावे, म्हणजे एका शीर्षाखालचा निधी दुसऱ्याकडे वळवावा. छापील उत्तरसूची अंतिम मानण्याचेही कारण नाही. डिसेंबर २०२४ च्या परीक्षेतील काही उत्तरांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला होता. आपले उत्तर सूचीशी जुळले नाही तर आधी आपली बाजू मांडून पाहावी. भावी वकिलाला तो अभ्यासच आहे.

पाव गुण वजा होण्याच्या भीतीविषयीही हिशेब स्पष्ट असावा. चार पर्यायांतून डोळे मिटून वीस प्रश्नांची उत्तरे दिली आणि सरासरीने पाच बरोबर आली, तर पाच वजा पावणेचार, म्हणजे सव्वा गुण पदरात पडतो. चारच बरोबर आली तर शून्य, तीन आली तर सव्वा गुण जातो. हा जुगार नफ्याचा असला तरी नफा क्षुल्लक आहे. परंतु एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर दर प्रश्नामागे सरासरी एकषष्ठांश गुण मिळतो, आणि दोन बाद करता आले तर तीन अष्टमांश. तेव्हा दोन पर्यायांपर्यंत आलेला प्रश्न भिऊन सोडणे म्हणजे हातचे पैसे रस्त्यावर टाकणे होय. मात्र हा निर्णय परीक्षागृहात प्रथमच घेऊ नये. तालमीत ठरवून टाकावा.

आता त्या बाजूला ठेवलेल्या तीन तासांकडे येतो. मनुष्य स्वतःच्या कामाला लागणारा वेळ नेहमी कमी धरतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंध केव्हा पुरा होईल ते विचारले. त्यांचा सरासरी अंदाज ३४ दिवसांचा होता. सारे काही बिघडले तर किती, असे विचारता त्यांनी सुमारे ४९ सांगितले. प्रत्यक्षात लागले सुमारे ५६. म्हणजे वाईटात वाईट कल्पनाही वास्तवापेक्षा गोडच निघाली. आपल्या संविधानाच्या २६७ व्या अनुच्छेदात आकस्मिकता निधीची तरतूद आहे. राज्यकारभार चालविणाऱ्यांना जी गरज भासली ती सतरा वर्षांच्या मुलाला भासू नये असे थोडेच आहे? गणपतीचे दिवस येतात, दिवाळीला बहीण माहेरी येते, घरात कोणी आजारी पडते, महाविद्यालय अकस्मात चाचणी लावते. ज्या वेळापत्रकात या गोष्टींना जागा नाही ते पहिल्याच धक्क्याला कोसळते आणि मग मूल स्वतःला आळशी समजू लागते. वस्तुतः दोष आराखड्याचा असतो. हे तीन तास रविवारी सायंकाळी ठेवावेत. आठवड्यात जे बुडाले ते तेथे भरून काढावे, आणि काही बुडाले नसेल तर खुशाल फिरावयास जावे. तो वेळ कमावलेला आहे. एक नियम मात्र कडक असावा: या आठवड्याची तूट पुढच्या आठवड्यावर ढकलू नये. भरून निघाली नाही तर ती सोडून द्यावी. नाही तर नोव्हेंबरात साऱ्या तुटी एकदम वसुलीला येतात आणि मार्चअखेरच्या सरकारी खर्चासारखी धांदल उडते.

पालकांनी यात काय करावे? वेळापत्रक त्यांनी लिहू नये. दुसऱ्याच्या हस्ताक्षरातील वेळापत्रकाला मुले शिस्तीची नोटीस समजतात. आठवड्यातून एकदा, रविवारी, काय ठरले होते आणि काय झाले एवढे विचारावे, आणि उत्तर ऐकून घ्यावे. शिकवणी वर्गाची फी भरली म्हणजे अभ्यास झाला, ही समजूत मनातून काढावी. वर्गाचे तास हे वर मांडलेल्या चौदांतूनच वजा होतात, त्यांत वाढ होत नाही. वर्गाला आठवड्याचे दहा तास जात असतील तर स्वतः वाचावयास चार उरले, हे फी भरण्यापूर्वी कागदावर मांडून पाहावे. घरात स्वतंत्र खोली नसेल तर दिवसाचे दोन ठराविक तास दूरदर्शन संच बंद राहील, एवढी व्यवस्था बहुतेक घरांना शक्य असते.

शेवटच्या आठवड्याचे काम अगदी थोडे आहे. नवे काही वाचू नये; चुकांची वही आणि बातम्यांची टिपणे चाळावीत. परीक्षा दुपारी दोन ते चार या वेळात होत आली आहे, आणि जेवणानंतरची ती वेळ आपल्याकडे वामकुक्षीची. म्हणून शेवटच्या सहाही तालमी रविवारी दुपारी दोन वाजताच घ्याव्यात, त्या दिवशी अकराच्या सुमारास हलके जेवावे, आणि खऱ्या उत्तरपत्रिकेसारखे गोल छापलेल्या कागदावर पेनानेच खुणा कराव्यात. केंद्र परगावी असेल तर आदल्या दिवशी जाऊन जागा पाहून यावी. दिल्लीच्या विद्यापीठाची परीक्षा गेली काही वर्षे आठवड्याभराने येत आहे. ती द्यावयाची असेल तर टिपणे तोवर उघडी राहू द्यावीत. नसेल, तर त्या रविवारी सायंकाळी वह्या बांधून माळ्यावर टाकाव्यात, रात्री लवकर निजावे, आणि सोमवारी सकाळी बारावीचे जे पुस्तक सर्वांत मागे राहिले असेल ते उघडावे.